देऊन टाक

२०२५ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बर्डीवर एका जर्सीच्या दुकानात गेलो होतो. आमच्या वस्तीत पंधरा ऑगस्टला पोरांच्या फुटबॉलच्या मॅचेस होतात, त्यासाठी सोळा जर्सींवर नंबर टाकून घ्यायचे होते. मेन रोडच्या आतल्या गल्लीतलं दुकान, जेमतेम तीन माणसं उभी राहतील एवढं. दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती आणि उघडीप मिळाली की नागपुरात जो चिकट उकाडा सुटतो, तो सुटला होता. त्यात ती नंबर छापायची तापलेली मशीन आणि गरम प्लास्टिकचा डोक्यात जाणारा वास. काका माझे नंबर वहीत लिहून घेत होते तेवढ्यात दहा-अकरा वर्षांचा एक पोट्टा आत शिरला, त्याच्यामागे त्याची कॉलेजातली ताई. पोराने पिशवीतून इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबची लाल जर्सी काढली आणि काउंटरवर पालथी पसरली. पाठीवर पांढऱ्या अक्षरांत लुईस डियाझ, खाली मोठा सात.

"काका, हे नाव काढून द्या ना."

"काहून? चांगलं तर आहे," काका म्हणाले. पोरगा खाली बघत म्हणाला, "तो गेला." ताईने मागून सांगितलं की आठ दिवसांपासून घरात हेच सुरू आहे, धड जेवतही नाही. काकांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला, एका अक्षराची कड नखाने उचलून पाहिली. "निघते. पण खूण राहील बेटा. वरचं कापड धुऊन धुऊन फिकं झालं ना, अक्षराखालचं नवंच असेल. नाव काढलं तरी वाचता येईन." पोराने माझ्याकडे पाहिलं. माझ्यासमोर जर्सींचा गठ्ठा होता, म्हणून असेल, याला यातलं कळत असेल असं त्याला वाटलं असावं. मग काकांनीही माझ्याकडेच पाहिलं. "काय भाऊ, काढू?" माझी गाडी बाहेर भलत्याच जागी उभी होती, ट्रॅफिकवाले गल्लीच्या तोंडाशी होते, घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. "काढून टाका," मी म्हटलं, "गेला ना तो." पावती खिशात घातली आणि बाहेर पडलो.

व्हरायटी चौकातल्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा लक्षात आलं की हे वाक्य मी आधीही एकदा असंच, इतक्याच घाईत बोललो होतो.

३१ जानेवारी २०११. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. इंग्लंडमध्ये रात्री अकराला खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचं दार बंद होणार, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार. नागपुरातली जानेवारीची पहाट काय असते ते इथल्याला सांगायला नको. पुढच्या खोलीत रजई डोक्यावरून घेऊन मी मोबाइलचा इवलासा पडदा बघत होतो, एकेक पान उघडायला मिनिट-मिनिट लागायचं. शुक्रवारीच फर्नांडो टोरेसने क्लब सोडू द्या असा अर्ज दिला होता आणि लिव्हरपूलने तो फेटाळला होता. फेटाळला या एका शब्दावर मी तीन दिवस काढले. त्या रात्री आधी सुआरेझ आला, मग ३ कोटी ५० लाख पौंडांना अँडी कॅरल येतोय असं कळलं, आणि येणाऱ्यांचे आकडे वाचता वाचता मला कळून चुकलं की एवढा पैसा कुठून तरी येतो आहे. ५ कोटी पौंड. ब्रिटनमध्ये तोवर एका खेळाडूसाठी कुणी एवढे मोजले नव्हते. आणि घेणारा क्लब चेल्सी.

पहाटे आई नळाचं पाणी भरायला उठली. मी भिंतीला टेकून बसलेला. "काय झालं?" मी म्हटलं, "टोरेस गेला." आईच्या हातातली बादली तिथेच खाली टेकली. "कधी? काय झालं होतं रे त्याला?" तिला नाव माहीत होतं. साडेतीन वर्षं आमच्या घरात ते नाव घेतलं जात होतं, कपाटाच्या आतल्या दारावर त्याचा फोटो होता, केस मागे ओढून पट्टा लावलेला. ती खरोखरच घाबरली होती. मी सांगितलं, "तसा गेला नाही. विकला त्याला." मग तिच्या चेहऱ्यावरची भीती ओसरली, पण आतल्या खाटेवरून आजीचा आवाज आला, "माणसं विकतेत का रे बाप्पा?"

मला उत्तर देता आलं नाही. आपल्या भाषेत जाण्याचे किती प्रकार एकाच शब्दात बसवलेले आहेत. पुण्याला नोकरीला गेला तो गेला, पोरगी सासरी गेली तीही गेली, आणि अंगणात पांढरी चादर टाकून ठेवलेला तोही गेलाच. ऐकणाऱ्याने आवाजावरून ओळखायचं कुठला. त्या पहाटे माझा आवाज तिसऱ्या प्रकारचा होता, म्हणूनच आईची बादली खाली टेकली.

विकला हा शब्द मात्र आजीच्या ओळखीचा होता. सावनेरकडे आमचं गाव. मी आठ-नऊ वर्षांचा असताना एका वर्षी कपाशी बुडाली आणि आजोबांनी जोडीतला तांबडा बैल बाजारात काढला. मी सोबत गेलो होतो. तिथली एक गोष्ट अजून डोळ्यांसमोर आहे. भाव कुणी तोंडाने बोलत नव्हतं. घेणाऱ्याने आणि आजोबांनी हातांवर रुमाल टाकला आणि रुमालाखाली बोटं धरून सौदा सुरू झाला. वरून फक्त कापड हलताना दिसत होतं, दोघांचे चेहरे दगडासारखे. बैल शेजारी रवंथ करत उभा. मग आजोबांनी मान हलवली, रुमाल बाजूला झाला, आणि त्यांनी तांबड्याच्या गळ्यातलं दावं सोडलं. घेणाऱ्याने स्वतःचं नवं दावं आणलं होतं, ते त्याने बांधलं. जुनं दावं आजोबांनी गुंडाळून काखेत धरलं आणि घरी येऊन गोठ्यातल्या त्याच खुंटीला अडकवलं. वाटेत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी उरलेल्या बैलाचे खांदे तूप-हळदीने चोळले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हटलं, आणि म्हणताना त्यांची नजर एकदा त्या खुंटीकडे गेली. मी ते पाहिलं. आजीनेही पाहिलं असणार, कारण तिने चुलीकडे तोंड फिरवलं.

टोरेस काही गरीब मुका बैल नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याने स्वतः मागून घेतलं होतं, आणि आठवड्याला त्याला जे मिळत होतं तेवढं आमच्या अख्ख्या गल्लीने वर्षात पाहिलं नसेल. तरी दुखायचं ते दुखलंच. नंतर कधीतरी कळलं की दुखणं विकण्याचं नव्हतं. त्या सौद्यात आम्ही कुठेच नव्हतो, याचं होतं. आम्ही बाजारात गर्दी करून उभे होतो, कापड हलताना बघत होतो, आणि रुमालाखालची बोटं दुसऱ्यांचीच होती.

नागपुरात राहून लिव्हरपूलसाठी जीव टाकायचा म्हणजे काय, हे इथे फुटबॉल बघणाऱ्यालाच कळेल. हे क्रिकेटचं शहर. जामठ्याला मॅच असली की वर्धा रोड तुंबतो. पण मोहननगरच्या गल्ल्यांतून, मोतीबागच्या रेल्वेच्या मैदानावर, आणि कामठीत तर घराघरात, या खेळाची एक वेगळी धून कायम वाजत असते. मला ती मामाकडे मोहननगरला लागली. रविवारी चर्च सुटलं की पोरं सरळ मैदानात. मामाच्या घरी केबलवर ईएसपीएन दिसायचं आणि ऑगस्ट २००७ मधल्या एका रविवारी तिथेच मी टोरेसला पहिल्यांदा पाहिलं. चेल्सीविरुद्ध, अँनफिल्डवरची, म्हणजे लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावरची त्याची पहिली मॅच. जेरार्डने मधून बॉल दिला, डाव्या अंगाला टोरेस, समोर चेल्सीचा बेन हाईम. टोरेसने बॉल घेतला तो थांबायला घेतल्यासारखा, बेन हाईमही क्षणभर थांबला, आणि तेवढ्यात हा त्याच्या बाजूने निघूनही गेला होता. मग उजव्या पायाच्या आतल्या बाजूने बॉल असा सरकवला की गोलकीपर चेकच्या हातापासून लांब लांब जात तो पलीकडच्या खांबाच्या आतून जाळ्यात गेला. जोर लावलाच नाही. मी त्याआधीही गोल पाहिले होते, पण कुणी गोल इतका हळुवार ठेवताना पाहिलं नव्हतं.

त्या पहिल्या मोसमात त्याने लीगमध्ये २४ गोल केले. मग २९ जून २००८ ला व्हिएन्नात जर्मनीविरुद्ध त्याच्या एका गोलवर स्पेनने युरो कप जिंकला. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटलेली, पाऊस नुकताच लागलेला, आणि मामाच्या घरी आम्ही सात जण एका पलंगावर. पण मला विचाराल तर टोरेस म्हणजे १४ मार्च २००९ ची संध्याकाळ. ओल्ड ट्रॅफर्ड, मँचेस्टर युनायटेडचं मैदान, आणि युनायटेड एका गोलने पुढे. मागून एक लांब, आंधळा बॉल आला. युनायटेडचा विडिच त्याखाली होता, अख्ख्या इंग्लंडमध्ये ज्याला कुणी हलवू शकत नव्हतं तो विडिच. त्याने बॉलला टप्पा पडू दिला. एवढंच. टोरेसने तो त्याच्या पायातून काढला आणि धावत सुटला, खांदे जरासे वाकलेले, केस मागे उडालेले, आणि आम्ही सगळे उभे राहिलो होतो, कारण बॉल जाळ्यात जायच्या आधीच तो जाणार हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं. त्या मॅचमध्ये आम्ही चार गोल केले. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी बर्डीच्या फूटपाथवरून अडीचशे रुपयांना ती लाल जर्सी घेतली. शिलाई कच्ची होती, लाल रंग पहिल्या धुण्यात सुटला आणि आईच्या दोन साड्या गुलाबी झाल्या. पण पाठीवर टोरेस होतं आणि खाली नऊ.

याच वस्तीत आणखी एक नऊ नंबर होता. आमच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा, आम्ही त्याला दादा म्हणायचो. त्याचे वडील कॉटन मार्केटला हमाली करायचे. दोन खोल्यांचं घर, वर टिनाचं छप्पर. दादा गोलकडे पाठ करून उभा राहायचा आणि वळला की संपलं. आमच्या वस्तीची टीम दोन वर्षं कुणाला ऐकत नव्हती ती त्याच्यामुळे. मग त्याला खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत नोकरी लागली आणि तो बिलासपूरला गेला. त्या दिवशी त्याच्या आईने गल्लीभर पेढे वाटले. त्याला सोडायला आम्ही पंधरा-वीस जण स्टेशनवर गेलो, आणि गाडी हलली तेव्हा रडलो, आणि परतताना हसत होतो. पुढच्या मोसमात आमची टीम सडकून हरली. कुणीही, एकानेही, त्याला गद्दार म्हटलं नाही.

हा हिशेब मला फार वर्षं छळत राहिला. एका नऊ नंबरला पेढे आणि दुसऱ्याला शिव्या. दादाच्या घराचं टिन पावसात कुठे गळतं हे आम्हाला माहीत होतं, म्हणून त्याचं जाणं आम्हाला त्याच्या बाजूने दिसलं. टोरेसच्या घरात काय गळत होतं ते आम्ही बघितलंच नाही. २००९ मध्ये आम्ही ८६ गुण मिळवून दुसरे आलो आणि त्याच उन्हाळ्यात झाबी अलोन्सो गेला. २०१० मध्ये कोच बेनिटेझ गेला, मास्चेरानो गेला. मालकांनी क्लब कर्जात बुडवला होता. टोरेसच्या गुडघ्यावर त्याच वर्षी जानेवारीत आणि परत एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली होती. ज्यांच्या भरवशावर तो आला होता ते एकेक करून निघून जात होते, आणि त्याच्या वेगाचे दिवसही संपत चालले होते, हे त्याला स्वतःच्या गुडघ्यातून कळत असणार. हे सगळं मी नंतर वाचलं, जुळवलं, समजूनही घेतलं. समजल्याने दुखणं कमी होतं असं मात्र नाही. डॉक्टरने एक्स-रेवर मोडलेलं हाड दाखवलं म्हणून ठणका थांबत नाही.

तर ५ कोटी पौंडांची ती बातमी आल्यावर सहाव्या दिवशी, ६ फेब्रुवारीला, त्याची चेल्सीकडून पहिलीच मॅच लागली ती आमच्याविरुद्ध. रविवार, रात्रीचे साडेनऊ. मामाकडे पुन्हा सगळे जमलो. निळ्या कपड्यांत तो बाहेर आला तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही. मी मनात म्हणत होतो की याला बॉल मिळूच नये. मिळाला तर याचा पाय घसरावा. याला लागावं असंही एकदा मनात येऊन गेलं, आणि ते आज लिहितानाही मला बरं वाटत नाही. त्याला एकदा मोकळी जागा मिळाली तेव्हा आमचा कॅराघर आडवा पडून आला आणि बॉल अडला, आम्ही गोल झाल्यासारखे ओरडलो. दुसऱ्या हाफमध्ये त्याला बाहेर बोलावलं, आणि तो जाऊन बसल्यावर काही मिनिटांतच मेरेलेसने आमचा गोल केला. आम्ही जिंकलो. त्या रात्री घरी येताना मला आनंद झाला होता का? झाला होता. पण बाहेर जाताना कॅमेऱ्याने त्याचा चेहरा जवळून दाखवला होता, आणि तो मला ओळखीचा वाटला होता. हरलेल्या दिवशी तो आमच्यासाठी जसा दिसायचा, अगदी तसाच.

त्याच आठवड्यात केव्हातरी भांडेवाली आली. आमच्या गल्लीत ती दर महिना-दोन महिन्यांनी यायची, डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, खांद्याला जुन्या कपड्यांचं गाठोडं. आई ओसरीवर घासाघीस करत होती. तिच्याकडे बाबांच्या दोन पँटी होत्या, एक विटलेली साडी होती, आणि भांडेवाली अजून एक कपडा दे म्हणून अडून बसली होती. मी आत पलंगावर पडून होतो. आईने दारातून विचारलं, "अरे, तुझी ती लाल बनियन देऊ का?" मी छताकडे बघत म्हटलं, "देऊन टाक. गेला ना तो."

त्या कपड्यांच्या बदल्यात एक गंज, म्हणजे पातेलं, आला. दीड लिटरचा, जाड बुडाचा. तेव्हापासून आमचा चहा त्यातच होतो.

नंतर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मला हवं होतं तेच घडत गेलं आणि मला ते बघवेना. चेल्सीकडून त्याचा पहिला गोल व्हायला ९०३ मिनिटं लागली. एप्रिलमध्ये वेस्ट हॅमविरुद्ध, इतका पाऊस की मैदानावर तळं साचलेलं. बॉल पाण्यात अडकला, त्याच्यापाशीच थांबला, आणि त्याने तो कसाबसा आत घातला. त्याचे सगळे खेळाडू त्याच्यावर येऊन पडले. मी एकटाच टीव्हीसमोर होतो आणि माझ्या तोंडून "चला, झाला बाप्पा एकदाचा" असं निघून गेलं. मग सप्टेंबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर, त्याच ओल्ड ट्रॅफर्डवर, त्याने गोलकीपरला चकवलं, समोर रिकामा गोल, आणि बॉल बाहेर मारला. मित्राचा हसत हसत फोन आला. मी फोन उचलला आणि मला त्याच्यासोबत हसता आलं नाही. पायाला काय करायचं ते पाठ होतं, वर्षानुवर्षं पाठ होतं, आणि पाय ते विसरला होता. माझ्या डोळ्यांसमोर विडिचच्या पायातून बॉल काढणारा टोरेस होता. हा दुसराच कुणी होता, त्याच केसांचा.

पुढे त्याला हवं होतं ते मिळालंही. बार्सिलोनाच्या मैदानावर अख्खं अर्ध मैदान एकट्याने पार करून केलेला तो गोल, मग म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीगचा कप. मी दोन्ही पाहिले. त्या फायनलला तो बाकावरून शेवटी आत आला होता. २९ मार्च २०१५ ला अँनफिल्डवर मदतनिधीसाठी एक मॅच झाली, जुने खेळाडू बोलावले होते, आणि टोरेस चार वर्षांनी परत लाल जर्सीत मैदानात उतरला. लोक काय करतील याची मला धास्ती होती. लोक उभे राहिले. टाळ्या वाजत राहिल्या, थांबेचनात. ज्या लोकांनी चार वर्षांपूर्वी त्याच्या नावाच्या जर्सी जाळल्या होत्या त्यांतले काहीजण त्यात असतीलच. मी कपाटाकडे गेलो. जर्सी नाही हे मला माहीत होतं. तरी कपाट उघडलं आणि आतल्या दारावर फोटो लावला होता तिथले चिकटपट्टीचे चार पिवळे डाग पाहिले.

हे सगळं मला व्हरायटी चौकातल्या त्या एका सिग्नलला आठवलं असं नाही. सिग्नलला फक्त पोटात काहीतरी हललं. बाकीचं पुढच्या चार-पाच रात्रींत आलं, थोडं थोडं. आणि दर वेळी शेवटी तो पोट्टा यायचा. कारण त्याच्या वाट्याला आलेला उन्हाळा माझ्या त्या हिवाळ्यापेक्षा फार वाईट होता. आधी लिव्हरपूलचा ट्रेंट गेला, लहानपणापासून त्याच क्लबमध्ये वाढलेला, माद्रिदला. मग ३ जुलैला त्याच टीममधला जोटा गेला. तो खरंच गेला. अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, लग्न होऊन अकरा दिवस झालेले, स्पेनमधल्या एका रस्त्यावर, सोबत धाकटा भाऊ. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस डियाझ जर्मनीच्या बायर्न क्लबला. दहा वर्षांच्या पोराकडे या तिन्ही गोष्टींसाठी एकच शब्द होता. मला बावीसाव्या वर्षी तो एका टोरेससाठी पेलला नव्हता.

आणि ती जर्सीही साधी नव्हती. ऑक्टोबर २०२३ मध्ये कोलंबियात डियाझच्या आई-वडिलांना पळवून नेलं होतं. आईची लवकर सुटका झाली, वडील मात्र बारा दिवस पळवणाऱ्यांच्या ताब्यात होते. अपहरणाच्या दुसऱ्याच दिवशी आमची नॉटिंगहॅम फॉरेस्टशी मॅच होती. डियाझ खेळला नाही. पहिला गोल जोटाने केला, आणि गोल केल्यावर तो धावत बाजूला गेला, डियाझची सात नंबरची जर्सी घेतली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा राहिला. नाव सगळ्यांना वाचता यावं म्हणून पाठीकडची बाजू पुढे करून. पुढच्या रविवारी लुटनविरुद्ध शेवटच्या मिनिटांत आत येऊन डियाझने गोल केला आणि अंगातली जर्सी वर केली, आतल्या बनियनवर वडिलांना सोडा असं लिहिलेलं. त्या पोराने हे पाहिलं असेलच. तेव्हा आठ वर्षांचा असेल, आणि त्यानंतर कधीतरी घरी हट्ट धरून त्याने तेच नाव, तोच सात पाठीवर छापून घेतला असेल. आणि मी, गाडी चुकीच्या जागी उभी होती म्हणून, त्याला काढून टाका म्हटलं.

तेरा तारखेला जर्सी आणायला गेलो. पाऊस झोडपत होता, गल्लीत घोटाभर पाणी. काकांनी सोळाही घडी घालून ठेवल्या होत्या. पैसे देऊन झाल्यावर मी विचारलं, "त्या पोराची ती लाल जर्सी... नाव काढलं का तुम्ही?"

काका हसले नाहीत. मशीनच्या कडेला टेकून त्यांनी सांगितलं, "एक अक्षर काढलं न भाऊ. पहिलं, एल. गरम केलं, चिमट्यानं कोपरा धरला, हळूहळू ओढलं, अख्खं निघालं. खालचं कापड एकदम लाल, कालच आणल्यासारखं. पोट्टा बघून राहिला होता. दुसऱ्या अक्षराला चिमटा लावला तर माझा हातच धरला त्यानं. असा." त्यांनी डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट घट्ट धरून दाखवलं. "म्हणे, राहू द्या काका. मी म्हटलं, आता हे एक परत लावून देतो, पैसे नको देऊ. तर म्हणे नको. ते अक्षरच मागून घेतलं माझ्याकडून. कागदात गुंडाळून दिलं, खिशात घालून घेऊन गेला."

घरी आलो तर आई ओट्याशी उभी होती, मला भिजलेलं बघून तिने न विचारता चहा टाकला. गंजाच्या कडेने दूध चढायला लागलं, आलं किसल्याचा वास आला. मी टॉवेलने डोकं पुसत दाराला टेकून उभा राहिलो. चौदा वर्षांत त्या गंजाला बुडाशी एक पोचा आला आहे, कान एका बाजूने थोडा ढिला झाला आहे.

"आई, हा गंज कधीचा गं?"

"भांडेवालीकडून नाही का घेतला, तुझ्या बाबांच्या पँटींवर," ती म्हणाली. "आणि तुझी ती लाल बनियन होती, टोरेसची."

तिला नाव अजून आठवत होतं. मी काही बोललो नाही. तिने गॅस बारीक केला.

"मी विचारलं होतं बरं का तुला तेव्हा. तू आतून देऊन टाक म्हणाला, तरी मी दारापाशी येऊन परत विचारलं होतं. दोनदा विचारलं," ती म्हणाली, आणि गाळणं शोधायला लागली.